खोलीचं तापमान

४ मे २०२५, रविवार. दुपारचे ४.१०. कोठीत शिडीवर उभा राहून इटलीच्या वाईनच्या चार बाटल्या ओल्या फडक्यानं पुसत होतो, तेव्हा दिसलं — चारही बुचं वर आलीत! पट्टी लावली. तीन मिलिमीटर.
२०२२ च्या दिवाळीत ललितभाऊंनी, म्हणजे हॉटेलच्या मालकांनी, हौसेनं आणल्या. एकेक नऊ हजारांची. घेणारा कुणी नाही. कुठं ठेवू विचारलं, तर "तूच वाचून पाह्य." वाचलं: रेड वाईन खोलीच्या तापमानाला. म्हणून खोलीतच ठेवल्या. या टिनाच्या छपराच्या कोठीत. तापमान रोज वहीत लिहितो. आज ४४.

५ मे
ललितभाऊ: "गुरुवारी वरूडचे संत्रेवाले नत्थुजी येऊन राहिले. इटली फिरून आले, तीच वाईन पाहिजे त्यायले. बाटली वापस आली, तं तूही तुह्या गावाले, चांदूरले वापस."
एक जूनला मला नोकरीत पक्कं करणार होते!

६ मे
लेबल पाठ केलं. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो. शोधलं तर दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची! नत्थुजींनी विचारलं तर?

७ मे
एक उघडलीच. मी पीत नाही. वास घेतला, काही कळेना. भटारखान्यातल्या मनकर्णाबाईंना दाखवली.
"बाबू, हा तं शिरका झाला. कांदे टाकू काय याच्यात?"
टाकले. उरल्या तीन, त्याही तशाच असणार.

८ मे
नत्थुजी आले. सोबत संत्र्यांचे चार व्यापारी. मी लेबल वाचून दाखवलं.
"इटलीची म्हन्तं अन् द्राक्षं फ्रान्सचे? काहून बे?"
तोंडातून निघूनच गेलं — "साहेब, वरूडचा संत्रा नागपुरी म्हणून जातोच ना?"
ललितभाऊंचा चेहरा उतरला. मग नत्थुजींनी मांडीवर थाप मारली. "पोट्टं हुशार आहे!"
घोट घेतला. डोळे मिटले. मी मनातल्या मनात चांदूरची गाडी पकडली.
"वा! इटलीत अशीच होती. जीभ कशी धरते पाहा!"
चौघांनी माना हलवल्या. एकाच्या डोळ्यांत पाणी. तिन्ही संपवल्या. आंबट कांदेही दोनदा मागवले.

९ मे
ललितभाऊंना खरं सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही.

२२ मे
मुंबईहून त्याच वाईनच्या बारा बाटल्या आल्या. थंड पेटीतून. या वेळी एसीत ठेवल्या. नत्थुजी पुन्हा आले, एक घोट घेतला आणि पेला सरकवला.
"हे कच्ची आहे. नकली माल देता काय, ललितभाऊ?"
बाटली वापस!
मी सगळं सांगून टाकलं — टिन, उन्हाळे, शिरका.
ललितभाऊ: "तुही ते आकड्यायची वही आन बरं."

१ जून
पक्का झालो. अकरा बाटल्या टिनाच्या कोठीत चढवल्या. ४३.५. शिडीखाली मनकर्णाबाई उभ्या, पदरात कांदे.