नीलहंस एअरवेजचं रंगकाम

२ जून, सकाळी ६
आजपासून रोज सहाला उठायचं. (आज पावणेआठला उठलो. पण वर सहा लिहिलेलं बरं, सवय लागते.)
काम आलं! टीव्हीच्या नव्या मालिकेसाठी विमान कंपनी उभी करायची आहे. खरी नाही, मालिकेतली. नीलहंस एअरवेज. एकदम प्रीमियम. मालिकेचा नायक तिचा मालक. विमानाचं रंगकाम, लोगो, तिकीट, हवाई सुंदरीचा स्कार्फ, सगळं माझ्याकडे. कलादिग्दर्शक फोनवर म्हणाले, श्रीमंती दिसली पाहिजे. म्हटलं, सर, निर्धास्त राहा. नोकरी सोडल्यापासून याच फोनची वाट पाहत होतो. ऑफिसातले म्हणाले होते, पस्तावशील. आता बसा म्हणावं बिस्किटांचे पुडे रंगवत.
सोबत मालिकेची कथाही आली आहे. जाडजूड. वाचणार नाही. डिझायनरचं डोकं स्वच्छ हवं.

३ जून
बायकोशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. तिच्या दादाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. खोक्यांवरच्या छपाईचं बघायला त्याला माणूस हवाय, आणि तो मीच, असं सासरी सर्वानुमते ठरलेलं आहे. शेवटी तिने अट घातली. मालिकेत तुझं काम दिसलं तर खोक्यांचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही दिसलं, तर गुपचूप दादाकडे जायचं. हसत हसत कबूल केलं. अख्खं विमान आहे. न दिसायला ती काय टाचणी आहे?

६ जून
पहिलं डिझाइन तयार. निळा हंस, सोनेरी पट्टा, शेपटीवर मुकुट, ठसठशीत नाव. बायको म्हणाली, छान आहे. तिला लगेच आवडलं म्हणजे कुठेतरी चुकलंय.
दुपारी श्रीमंतीचा अभ्यास केला. म्हणजे मोठ्या हॉटेलच्या लॉबीत बसून आलो. भिंतीवर काही नाही, टेबलावर काही नाही. टॉयलेटच्या दारावरही चित्र नाही, त्यामुळे भलत्याच दारातून आत गेलो आणि बोलणी खाऊन बाहेर आलो. पण मुद्दा कळला. खरी श्रीमंती काही सांगत बसत नाही. मुकुट काढला.

९ जून
सोनेरी पट्टा काढला. कालपरवा पैसा आलेल्यांना सोनं लागतं.
संध्याकाळी कन्या (इयत्ता चौथी) म्हणाली, बाबा, बदक मस्त आहे. बदकही काढलं.

१२ जून
निळा रंग तेवढा राहिला होता. आकाश निळं असताना विमान आणखी निळं कशाला? काढला. आता दुधी पांढऱ्या विमानावर मोतिया पांढऱ्या अक्षरात नाव. तिरका उजेड पडला आणि मान वाकडी केली की दिसतं. खरंच दिसतं. माझे डोळे भरून आले.
बायकोला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, अजून लोड होतंय का?

१३ जून
पाठवलं. मान अवघडली आहे.

१६ जून
कलादिग्दर्शकांचा फोन. म्हणाले, अहो, नुसतं विमान आलंय, डिझाइन जोडायचं राहिलं का? मी अर्धा तास समजावलं. पलीकडे टीव्ही चालू असल्यासारखं वाटत होतं. शेवटी म्हणाले, बरं, वापरू आपण हे. कथेत शेवटाला जागा आहे याला.
शेवटाला! म्हणजे कळस माझा.

२७ जून
सेटवर जाऊन आलो. मागच्या अंगणात एक पेंटर प्लायवूडच्या शेपटीवर आपल्या मनानेच भला मोठा निळा हंस रंगवत होता. वर मुकुट. बाजूला सोनेरी रंगाची बादली. इतकं भडक म्हणजे खलनायकाची कंपनी असणार. कॉन्ट्रास्टसाठी. कल्पना चांगली आहे. त्याने शिडी धरायला सांगितली, धरली. माणूस भला आहे, पण दृष्टी नाही.

४ ऑक्टोबर
पहिला भाग. मेव्हणा सहकुटुंब हजर. पहिल्याच दृश्यात ते हंसवालं विमान, त्यावर हातभर अक्षरांत नीलहंस एअरवेज. मेव्हणा टाळ्या वाजवत म्हणाला, वा जावईबापू, याला म्हणतात काम! कुठूनही वाचता येतं! मी म्हटलं, हे माझं नाही. तो म्हणाला, विनय पुरे झाला. मी पाणी प्यायला आत गेलो. बायको मागोमाग आली. हे तर अगदी तुझ्या पहिल्या डिझाइनसारखं, म्हणाली. मी म्हटलं, माझं शेवटाला आहे, थांब. ती थांबायला तयार झाली.

५ ऑक्टोबर
कथा वाचायला काढली. सुरुवातीलाच झोप लागली. असो. सरप्राइज राहू दे.

२२ नोव्हेंबर
शेवटचा भाग. पुन्हा सगळे जमले. नीलहंस एअरवेज बुडाली. बँकेने विमानं ताब्यात घेतली, कंपनीचं नाव-निशाण पुसून टाकलं. गवतात एक पांढरंफटक विमान उभं. नायक त्यावर हात फिरवून रडतो.
ते माझं. काहीही न बदलता घेतलंय.
मेव्हणा हळहळला, अरेरे, रंगसुद्धा खरवडून नेला मेल्यांनी. मी म्हटलं, ते माझं डिझाइन आहे. तो इतका हसला की ठसका लागून पाठीत थोपटावं लागलं. सगळेच हसले. बायको हसली नाही. तिला हळूच म्हटलं, दिसलं ना? ती म्हणाली, हो, दिसलं. मी पुन्हा विषय काढणार नाही.
पैज जिंकलो. झोप मात्र लागत नाहीये.

२५ नोव्हेंबर
तिने विषय काढला नाही.

२८ नोव्हेंबर
आजही नाही. शब्दाची पक्की आहे. फोनही वाजत नाही. तसा तो जूनपासूनच वाजलेला नाही, हे आज कबूल करतो.

३० नोव्हेंबर
आज जेवताना मीच विषय काढला. सहज विचारल्यासारखं विचारलं, दादाला माणूस मिळाला का? ती ताटाकडे बघत म्हणाली, मिळाला, महिना झाला. हंस तुझा नाही हे दादाला शेवटी पटलं, मग त्याने मालिकेवाल्यांना फोन करून त्या हंसवाल्या पेंटरला शोधून काढलं.
वाईट वाटलं. खोक्यांसाठी कधी वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.