आकड्यांची पेटी माझ्याकडे आहे

३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेनऊ.

आज चर्चला गेलो नाही. मुद्दाम. पुढेमागे आमच्या मंडळीचा इतिहास लिहिला गेला तर ही तारीख लागेल, म्हणून नोंद.

काल खजिनदाराच्या मुलीचं लग्न होतं. वेदीशेजारच्या पाटीवर गीतांचे क्रमांक लावायचं काम गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. लाकडी पाटी, पत्र्याचे आकडे. २१६ लावायचं होतं, २६१ लागलं. २१६ लग्नाचं. २६१ दफनविधीचं. पाटीवर जे दिसेल ते म्हणायचं, ही आमच्या मंडळीची शिस्त. ऑर्गनवाल्या बाईंनी सूर धरला, सगळे उभे राहिले, आणि नवरी दारातून आत येत असताना अख्ख्या मंडळीने कबरेच्या अंधाराची दोन कडवी खणखणीत आवाजात म्हटली. एकालाही शंका आली नाही. तिसऱ्या कडव्याला नवरदेवाची आई हुंदके द्यायला लागली तेव्हा कुठे पाळकसाहेबांनी हात वर केला.

चूक आकड्यांची आहे. पत्रा जुना झालाय. नवे आकडे घ्या, असं मी कधीपासून सांगतोय.

पण तेही असो. नंतर चहाच्या वेळी खजिनदार सगळ्यांसमोर म्हणाला की दादा, आता माझ्या मयताला तेवढं लग्नाचं लावा, म्हणजे फिटंफाट. सगळे हसले. पाळकीणबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला, इतक्या हसल्या.

मी कप खाली ठेवला. आकड्यांची पेटी उचलली आणि घरी आणली. आता आकडेच नाहीत तर गाणार काय? उपासना संपली की पाळकसाहेब पंचमंडळाला घेऊन येतील. चार खुर्च्या पुसून ठेवल्या आहेत. चहाचं आधण तयार. पहिल्या विनंतीला मान डोलवायची नाही, असं ठरवलंय.

दुपारी चार.

कोणी आलं नाही. आधण दोनदा आटलं. गोंधळ निस्तरण्यातच अडकले असतील.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

ताईचा फोन. सगळी हकिगत सांगितली. लग्नाच्या गीतापाशी आली आणि हसत सुटली. तिला ठसका लागला, मीच पाणी प्यायला सांगितलं. मग म्हणाली की तू लहानपणी जेवणावर रुसायचास, आणि कोणी समजूत काढायला आलं नाही की गुपचूप स्वतःच ताट वाढून घ्यायचास. मी म्हटलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली की तत्त्व राहू दे बाजूला, आज जेवलास का ते सांग.

ताईशी गंभीर विषयावर बोलता येत नाही.

संकल्प: रोज सकाळी फिरणे. रोज स्वतः भाजी करणे. पाव-अंडी बंद.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.

पाव, अंडी.

वाणसामानाच्या दुकानात पाळकीणबाई भेटल्या. तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं की उत्तम, पण सध्या कामं फार आहेत. त्या म्हणाल्या, हो का, बरं बरं, आणि साबणाकडे वळल्या.

त्यांना नक्की पाठवलं होतं. अंदाज घ्यायला. मी काही पत्ता लागू दिला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार.

अनुपस्थितीचा दुसरा रविवार. सकाळी संकल्पाप्रमाणे फिरायला गेलो. रस्ता सहज चर्चवरूनच जात होता. आतून गाण्याचा आवाज येत होता. आकड्यांशिवाय! कसं जमवलं कोण जाणे. सूर मात्र साफ गेलेला. खालच्या पट्टीत माझा आवाज नसला की पोकळी राहतेच, हे बाहेरून ऐकणाऱ्यालाही कळत होतं.

बुटाची नाडी सुटली म्हणून कोपऱ्यावरच्या व्हॅनच्या आडोशाला थांबलो. उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबावं लागलं. नाडीला गाठ बसली होती.

११ फेब्रुवारी, सोमवार.

निर्णय: पंचमंडळाला सविस्तर निवेदन द्यायचं. विषय, ‘एकोणीस वर्षांची सेवा आणि तिची झालेली कदर’. नुसते आरोप करून चालत नाही, पुरावे लागतात. एवढी वर्षं ऑफिसात फायली सांभाळल्या त्या उगाच नाही.

कपाटावरून जुनी रोजनिशी काढली. आमच्या हिच्या आजारपणाच्या वर्षाची. त्या वर्षी मंडळीने मला जितका मनस्ताप दिला तितका कधीच दिला नसेल. ही गेल्यापासून ती वही उघडली नव्हती. पण काम म्हणजे काम.

१२ फेब्रुवारी, मंगळवार.

पुरावे भरपूर. जुन्या वहीतून जसेच्या तसे एका कागदावर उतरवतोय.

‘ऑर्गनवाल्या बाई सूप घेऊन आल्या. मीठ कमी.’

‘ऑर्गनवाल्या बाई पुन्हा. सूप. कालच मिठाचं सांगितलं होतं. आज जास्त.’

‘पाळकसाहेब हॉस्पिटलात आले. प्रार्थना इतकी लांबवली की नर्सने दोनदा डोकावून पाहिलं. ही मात्र शांत झोपली. इंजेक्शनाने झोपत नव्हती.’

‘खजिनदार आला. हिच्या खाटेशेजारी तीन तास बसला. एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला की दादा, घरी जाऊन आंघोळ करून या. म्हणजे मी घाणेरडा दिसतो!’

हा शेवटचा तर बिनतोड.

१३ फेब्रुवारी, बुधवार.

‘पाळकीणबाईंनी न विचारता आमचे कपडे धुवायला नेले. माझा एक मोजा हरवला.’

‘महिला मंडळाने जेवणाच्या डब्यांच्या पाळ्या लावल्यात. सलग तीन दिवस वांगं. एकमेकींना विचारत का नाहीत?’

‘खजिनदार आला. बसला. आज मी मुद्दाम आंघोळ करून तयार होतो. तर म्हणाला की मग झोप काढून या.’

एक बाजू संपली. कागद उलटला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.

आज पुराव्यांचं काम पुढे सरकलं नाही. अडचण तांत्रिक स्वरूपाची आहे.

निवेदनात एक वाक्य घालायचं होतं: ‘माझ्या कठीण काळात मंडळीने माझ्याकडे पाठ फिरवली.’ त्याच्या आधाराला, कोणीही आलं नाही असा एखादा दिवस हवा होता. मार्चपासून शोधत गेलो. एप्रिल. मे. प्रत्येक पानावर कोणीतरी येऊन मला त्रास दिलेलाच आहे. जूनमध्ये एक कोरं पान मिळालं. आनंद झाला. मागे पाहिलं तर लिहिलं होतं: ‘काल लिहायला वेळ मिळाला नाही. दिवसभर लोक.’

मग तुलनेसाठी ही चालू वही चाळली. नव्या वर्षात आत्तापर्यंत घरात आलेली माणसं: विजेचा मीटर वाचणारा. तोसुद्धा दारातूनच.

पाव, अंडी. अंडं एकच होतं.

१६ फेब्रुवारी, शनिवार.

निवेदन रद्द. पराभव नव्हे, धोरणात बदल.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उठावं आणि देवाने केलेले उपकार सांगावेत. मी आजवर कधी उठलो नाही, कारण पाटी सांभाळायची असते. चोवीस तारखेला उठेन. मंडळीचे जाहीर आभार मानेन आणि त्याच दमात त्यांना क्षमा करून टाकेन. सगळे अवाक होतील. खजिनदार मान खाली घालेल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवेन. मग पेटी परत देईन. बहुतेक टाळ्या वाजतील, पण चर्चमध्ये टाळ्या नकोत, असं मी हाताने सुचवेन.

२० फेब्रुवारी, बुधवार.

साक्ष लिहून झाली. अकरा पानं. त्यातली चार प्रस्तावना. आरशासमोर वाचून पाहिली. सूप आणलं तिथे आवाज जरा बसतो. ते वाक्य काढलं. मग पुन्हा घातलं. मग पुन्हा काढलं.

चिरंजीवांचा फोन. त्यांना म्हटलं, ऐक, मी एक लिहिलंय. ते म्हणाले की बाबा, मीटिंगमध्ये जातोय, तुम्ही ईमेल करा ना. केला. उत्तरादाखल अंगठा आला.

२३ फेब्रुवारी, शनिवार.

सूट काढला. हिच्या अंत्यविधीनंतर घातला नव्हता. पोटावर बटण लागत नाही. उघडाच ठेवणार, भारदस्त दिसतो. साक्ष घडी करून कोटाच्या आतल्या खिशात. पेटी पिशवीत. सगळं सज्ज.

२४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

सविस्तर लिहितो.

दारातच पाळकसाहेब भेटले. अरे वा, परत कधी आलात, असं म्हणाले. मी विचारलं, कुठून? ते म्हणाले की मुलाकडे गेला होतात ना? आमच्याकडे सगळे तेच म्हणत होते.

म्हणजे मी असहकार पुकारला होता हे एकाही माणसाला माहीत नाही.

पाटी कोरीच होती. गीताची वेळ आली की ऑर्गनवाल्या बाई मान वळवून मोठ्याने क्रमांक सांगतात. लोक गातात. झालं.

माझ्या नेहमीच्या जागेवर एक तरुण जोडपं बसलं होतं. मी मागे.

साक्षीची वेळ आली. पुढे गेलो, चष्मा लावला, कागद उघडला. कागद एकच होता. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. साक्षीची अकरा पानं घरी, टेबलावर. माझ्या हातात पुरावे.

लोक बघत होते. जे होतं ते वाचायला लागलो. ऑर्गनवाल्या बाई सूप घेऊन आल्या, मीठ कमी. मागून कोणीतरी म्हणालं, आमेन. आमच्याकडे साक्षीत वाक्य संपलं की आमेन म्हणतात, वाक्य कोणतं याकडे फारसं लक्ष नसतं. मीठ जास्त. आमेन. माझा एक मोजा हरवला. आमेन! सलग तीन दिवस वांगं. इथे महिला मंडळाच्या बाकावर कुजबुज झाली, मग हसू, आणि मग सगळं चर्चच हसायला लागलं. गंमत म्हणजे मलाही हसू आलं.

मग खजिनदाराच्या ओळी आल्या. तीन तास बसला, एक शब्द बोलला नाही. आमेन आलं, पण हळू. खजिनदार रुमाल शोधत होता.

कागदाच्या पाठीमागे एक शेवटची ओळ होती. उतरवताना ती इथे नोंदवली नव्हती. हिला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळची. ‘आज घरात इतकी माणसं की मला रडायला जागा मिळाली नाही.’

यावर कोणी आमेन म्हणालं नाही.

क्षमा करायची राहून गेली. मी फक्त म्हटलं की तेव्हा सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते मानतो. आणि मागे जाऊन बसलो.

उपासनेनंतर पेटी पुढे केली. पाळकसाहेब संकोचले. म्हणाले की बाईंनी सांगितलेलंच आता लोकांना बरं वाटतं, वृद्धांना पाटी दिसतही नव्हती, कोणी बोलत नव्हतं एवढंच. पेटी स्टोअररूममध्ये ठेवू. मी म्हटलं, अवश्य. तेवढ्यात खजिनदार म्हणाला की दादा, दारात उभं राहायला माणूस हवाय. येईल त्याचा हात हातात घ्यायचा आणि या म्हणायचं. त्यात आकडे येत नाहीत.

पुन्हा हसले सगळे. मी विचार करून सांगतो असं म्हटलं.

काहीही म्हणा, ही बढतीच आहे. पाटी कोपऱ्यात असते. दार म्हणजे मंडळीचा दर्शनी भाग. तिथे अनुभवी माणूस लागतो.

उपासना संपल्यावर जो तो आपापल्या माणसांबरोबर घरी गेला. मीही आलो.

२५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी नऊ.

होकार कळवला. पाळकसाहेब म्हणाले की उत्तम, नऊला दारात या. ताईलाही कळवलं. ती म्हणाली की नखं काप, आणि हात जोरात दाबू नकोस, म्हाताऱ्या बायकांना लागतं.

नखं कापली. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. बुटांना पॉलिश. घरातल्या दारात उभं राहून थोडा सराव केला. ‘या, या’ जरा कोरडं वाटतं. ‘या, कसे आहात?’ जास्त बरं. हात आधी चोळून गरम करून ठेवायचे.

सगळी तयारी नऊच्या आत झाली. शर्ट घातला, बूट घातले, किल्ली घेतली.

मग आठवलं, आज सोमवार.