सईची भूक

डब्लिन, ओहायो
माघ शुद्ध पंचमी, शुक्रवार

प्रिय सई,

अनेक उत्तम आशीर्वाद. एकाच छपराखाली राहणाऱ्या नातीला पत्र लिहावे लागते आहे, याचे तुला नवल वाटेल. तू वर आपल्या खोलीत आहेस, मी खाली देवघरालगतच्या खोलीत, आणि मध्ये चौदा पायऱ्या आहेत. गेल्या चार महिन्यांत मी त्या तीन वेळा चढून आलो. तिन्ही वेळा तुझ्या दाराशी उभा राहून ‘चहा घेतेस का’ एवढेच विचारले आणि परतलो. तू चहा घेत नाहीस हे मला ठाऊक आहे. रविवारच्या मराठी शाळेत तू माझ्याकडेच अक्षरे गिरवलीस, जोडाक्षरांपाशी अजून अडखळतेस, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे.

आज पूजा करताना क्लोरीनचा वास आठवला. देवापुढे बसून तरणतलावाचा वास आठवावा हे शास्त्राला धरून नाही. पण नऊ वर्षे हिवाळ्यातला प्रत्येक शनिवार मी त्या दमट, कोंदट बाकांवर काढला आहे. बाहेर बर्फ, आत अंगावर स्वेटर नकोसा होई. तुम्ही मुली दंडावर काळ्या शाईने शर्यतींचे क्रमांक लिहून घेत असा. तू पाण्यात उतरण्याआधी ओंजळीतले पाणी डोळ्यांना लावायचीस. ते मीच शिकवले होते, आणि तुझी आई आसावरी म्हणायची, “बाबा, डोळ्यांपर्यंत ठीक आहे, त्या पाण्याचं आचमन मात्र शिकवू नका.” दोनशे यार्डांची शर्यत, म्हणजे तलावाच्या आठ फेऱ्या. तू पोहत असताना शालीखाली माझी जपमाळ फिरत असे, आणि खरे सांगायचे तर त्या दोन मिनिटांत मी एकदाही देवाचे नाव नीट घेतले नाही.

या देशातली प्रवेशाची रीत मला उमजायला वेळ लागला. आमच्या काळी गुणवत्ता यादी फळ्यावर लागे, आणि नाव असे किंवा नसे. तुझ्या बाबाने, मिहीरने, मला मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून समजावले. तू मनात धरलेले, मॅसॅच्युसेट्समधल्या टेकडीवरचे ते कॉलेज शंभर अर्जांतले सात-आठ घेते; परंतु तिथल्या पोहण्याच्या कोच बाईला काही थोडी नावे प्रवेश कार्यालयाकडे स्वतः देता येतात, आणि तिने दिलेले नाव बहुधा आत जाते. जुलैमध्ये तिने तुझे गुणपत्रक त्या कार्यालयाला आधीच दाखवले, त्यांनी ‘चालेल’ असे कळवले. आता कोचने ‘सपोर्ट’ देते, म्हणजे तुझे नाव पुढे करते, असे म्हटले की तू नोव्हेंबरात तिथेच बांधिलकीचा अर्ज करायचा, म्हणजे निवड झाली तर दुसरीकडे जायचे नाही. लेखी काहीच नाही, सारा कारभार शब्दावर. मला ते ऐकून बरे वाटले होते. दिल्या शब्दाला अजून जगात कुठेतरी मोल आहे, असे मी तुझ्या बाबाला म्हणालोही. तो हसला आणि म्हणाला, “बाबा, शब्द आपण द्यायचा असतो. त्यांचा शब्द अजून यायचा आहे.”

तिच्या यादीत ब्रेस्टस्ट्रोकची एक जागा उरली होती आणि मुली दोन होत्या, तू आणि टेक्ससची एक. तुझी वेळ तिच्याहून तीन दशांश सेकंदांनी चांगली होती. त्याच सुमारास दुसऱ्या दोन कॉलेजांचे कोचही तुझ्या उत्तराची वाट पाहत होते. तू मला विचारलेस, काय करू. एक मनात ठरले असताना दुसऱ्याला झुलवत ठेवणे ही वाणीची अशुद्धी आहे, असे मी सांगितले. तू त्याच दुपारी दोघांनाही नम्रपणे नकार कळवलास. मिहीरला हे कळले तेव्हा तो माझ्यावर आवाज चढवून बोलला, आयुष्यात प्रथमच. आणि तू माझी बाजू घेतलीस. तो माझा दोष तुला माहीत आहे, तू तो केव्हाच माफ केला आहेस. ते मला अधिकच बोचते, कारण तुला माहीत असलेला दोष हा दोहोंपैकी लहान आहे.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी आपण जेवायला बसलो होतो. फोनवर कोचचा मेल आला, तू तो वाचलास आणि भाताचे ताट हळूच पुढे सरकवलेस. “दे वॉन्ट समवन हंग्रिअर,” एवढेच म्हणालीस. आसावरी म्हणाली, असे कसे, तुझी वेळ चांगली आहे ना. तू म्हणालीस, “इट्स फाइन, आई.” तोवर त्या दोन कोचांच्या याद्या भरल्या होत्या. नोव्हेंबरात तू कोणाच्याही शब्दाशिवाय तिथेच अर्ज केलास आणि डिसेंबरात नकार आला. मिहीर म्हणतो, आपल्या ओहायोतले विद्यापीठ काही वाईट नाही. ते खरेच आहे. पण तू सप्टेंबरातच पोहणे सोडलेस, शाळेच्या संघातूनही नाव काढून घेतलेस, आणि परवा आईला म्हणालीस ते मी जिन्याखाली उभा राहून ऐकले. म्हणालीस, कोचला माझ्या पोहण्यात ते दिसलंच असणार, माझ्यात ती भूकच नाही, मला उगाच वाटत होतं.

नाही, बाळ. कोचला तुझ्या पोहण्यात काहीही दिसले नव्हते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मिहीर आणि आसावरी बाजारात गेले होते, तू सरावाला गेली होतीस आणि तुझा फोन टेबलावरच राहिला होता. तो वाजला, मी उचलला. कोच बाई होत्या. तुम्हीच ते आजोबा का, सई तुमच्याविषयी फार बोलते, असे म्हणाल्या, आणि मी फुललो. मग त्यांनी विचारले, “टेल मी, हाऊ हंग्री इज शी?” ही जिंकण्याची भूक, हा अर्थ मला कळला होता, चौतीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवलेल्या माणसाला लक्षणा कळते. मी अभिमानाने म्हणालो, “मॅडम, शी इज नॉट हंग्री ॲट ऑल.” आणि पुढे दहा मिनिटे समजावून सांगितले, की आम्ही हिला असे वाढवले आहे की जय आणि पराजय तिला सारखे, फळाची वासना नाही, शेवटच्या क्रमांकाने आली तरी ती तृप्तच असेल. त्या म्हणाल्या, “दॅट्स ब्युटिफुल.” तुझी जागा मी मिळवून दिली असे मला वाटले. तुझी निवड झाली की सांगायचे म्हणून ते गुपित मी जपून ठेवले होते. तू ताट सरकवलेस त्या क्षणी मला सारे कळले. आणि त्याहून वाईट हे की, मी जे बोललो ते सत्यही नव्हते. तू बारा वर्षांची असताना निसटती शर्यत हरलीस, तेव्हा कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर टॉवेलचे टोक दातांत धरून तू रडलीस, ते मी पाहिले होते. तुला भूक होती, सई. वासनेवर विजय मिळवलेली मुलगी माझ्या पोथीत होती, पाण्यात तू होतीस. आणि परक्या बाईच्या एका कौतुकासाठी मी तुझ्याऐवजी तिची ओळख करून दिली. भूक माझीच होती. हे तुझ्यासमोर म्हणण्याचे बळ माझ्यात नाही, आणि आता ते येईल असेही वाटत नाही. उद्या सकाळी आसावरी तुझी पोहण्याची पिशवी दान केंद्रावर देणार आहे. ‘घेऊन जा, मला काही नको त्यातलं’ असे तू तिला सांगितले आहेस. हे पत्र मी त्या पिशवीत, तुझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतो आहे. सप्टेंबरपासून तू तिला हात लावलेला नाहीस. जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहिलीस तर तुला कळेल. नाही पाहिलीस तर कोण्या अनोळखी मुलीच्या हाती न वाचता येणारी अक्षरे पडतील. लपवायला जागा निवडली की सांगायला, हे मला विचारू नकोस.

तुझाच,
आजोबा