धुराड्याचं तोंड

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि मी अजून स्वयंपाकघरांचे नकाशेच काढते. तुला ते कधी पटलं नाही. "चूल पेटवाया कागद लागतो गं, मांडाया कशाला?" असं म्हणून तू स्वतःच हसायचीस. यंदा मी आजवरचं सगळ्यात मोठं स्वयंपाकघर मांडलं. कुंभिवलीत हमरस्त्याला लागून एक रिकामी शेड होती, ती एका संस्थेने घेतली. ज्यांच्या हाताला चव आहे पण स्वतःची जागा, परवाना, यंत्रं परवडत नाहीत, त्यांनी पाळीपाळीने तिथे येऊन रांधायचं, पाकिटं भरायची, आणि धंदा उभा राहिला की आपल्या वाटेने जायचं. नाचणीचे लाडू करणारी एक मुलगी आली, सरबतं करणारे दोघे भाऊ आले, आणि कर्जतजवळच्या एका वाडीतून सुकटीची चटणी करणारी बाई आली. तिला पाहिलं आणि तूच आठवलीस. पदर तुझ्यासारखाच खोचलेला, आणि बोलताना माणसाकडे न बघता कढईकडे बघायची तीच सवय.

आपल्या मागच्या अंगणातली चूल मला अजून दिसते. माथेरानच्या हॉटेलांत कामाला जाणारी माणसं तुझ्या चटणीचे डबे घेऊन जायची, आणि त्याच चटणीवर मी शिकले. शाळेत माझ्या फ्रॉकला सुकटीचा वास येतो म्हणून मी रडायचे, तेही खरंच. चूल पेटवण्याआधी तू चिमूटभर राख हवेत सोडतेस, ती कुठे जाते ते बघतेस, मग कुंपणापाशी जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारतेस, "पापड काढलंस का गं? मी सुकट भाजते." त्या हो म्हणेपर्यंत काडी ओढायची नाही. एकदा तू बाजारात गेली होतीस. मी दहा वर्षांची, मोठी कामाची होऊन दाखवायला निघाले आणि भरदुपारी सुकट भाजायला घेतली. काकूंचे सगळे पापड वासाने गेले. तू आलीस तेव्हा मी म्हटलं, वारा फिरला. "वाऱ्याला नाव ठेवू नको," तू म्हणालीस, "चूल तू पेटवलीस. जा, तुज्या तोंडानं सांग." मी रडत अंगण ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या ओट्यावर बसून पापड लाटून दिलेस, मला शेजारी बसवून.

आणि इतकं शिकूनही मी धुराड्याचं तोंड पश्चिमेला काढलं. पुढची बाजू रस्त्यावरून देखणी दिसायला हवी होती, म्हणून धुराड्याचा नळ मागे वळवला. पाकिटं भरायच्या खोलीच्या खिडक्याही त्याच भिंतीत, हातभर अंतरावर. दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडूनच येतो हे अंगणातल्या राखेला कळत होतं, मला कळलं नाही. पहिल्याच महिन्यात लाडवांना सुकटीचा वास लागला, दुकानदाराने सगळी पाकिटं परत पाठवली, ती मुलगी रडकुंडीला आली. बैठक बसली. नकाशा माझ्यासमोरच पसरलेला होता. धुराडं, खिडक्या, वाऱ्याची दिशा, सगळं मला एका नजरेत दिसलं आणि मी मूग गिळून बसले. सगळे त्या बाईकडे बघत होते. ती म्हणाली, "वास हाय तिला, नाय कसं म्हणू? सुकटच हाय ती." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. नियम झाला, इथे सुकी मासळी भाजायची नाही. पाटीचा मजकूर मीच लिहून दिला, स्वच्छ अक्षरात.

जाताना तिने कढई जुन्या लुगड्यात बांधली. मी दाराशी उभी होते. "ताई, तुमी नका वाईट वाटून घेऊ," ती म्हणाली, "तुमी लय चांगलं बांधलंय. आमचंच वासाचं काम." मी मान हलवली. आई, मी नुसती मान हलवली!

गेल्या आठवड्यात धुराडं छपरावर उंच नेऊन उलट्या अंगाला वळवलं. आता वास येत नाही. खर्चाच्या कागदावर कारण म्हणून मी 'सुधारणा' असं लिहिलं, आणि कुणी काही विचारलं नाही. पाटी अजून तिथेच आहे. मी उभारलेल्या त्या एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात आज तू आलीस, तर तुलाही दारातूनच परत जावं लागेल.

तिचा नंबर फॉर्मवर आहे. तिची वाडी इथून अर्ध्या तासावर आहे. रोज सकाळी वाटतं, आज जाऊन सांगावं, आणि रोज काहीतरी काम निघतं. हे पत्र मी कुठे टाकणार? जिला सांगायला हवं, तिला सोडून तुला लिहीत बसलेय, कारण आता तू मला "जा" म्हणू शकत नाहीस.