जोडकार्डाचा उरलेला अर्धा

देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी १९९३

तीर्थरूप आबांना आणि आईला झुलालचा नमस्कार.

मी बरा आहे. खानावळीची भाजी तिखटजाळ असते, पण पोट भरतं.

आमच्या क्लासातला कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून जळगावच्या कॉम्प्युटरला मजकूर पाठवतो, एकेक तुकडा करून. तिकडून पोच आली की पुढचा तुकडा सोडतो. नाही आली तर तोच पुन्हा. बरेचदा पाठवूनही पोच नसली, की लाईन तुटली असं धरून गप्प बसतो.

आबा, मला तुम्ही आठवलात. सावद्याहून केळीची वॅगन गेली, की दिल्लीहून पोचेची तार येईपर्यंत तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हता, नुसतं पान चघळायचात.

नशिराबादची मावशी इकडे लग्नाला आली होती. म्हणाली, आबा मळ्यात जात नाहीत, पडूनच असतात. खरं का? आईला लिहिता येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो.

माझ्या कुठल्याच पत्राला उत्तर नाही. मी इकडे आल्याचा राग असेल तर असू द्या. या जोडकार्डाच्या उरलेल्या, उत्तरासाठीच्या अर्ध्यावर माझा पत्ता घातलाय. काही लिहू नका, कोरंच पेटीत टाका. फक्त चुन्याचं बोट लागू द्या, म्हणजे तुम्हीच टाकलंय हे मला कळेल.

तुमचा,
झुलाल