जुनी सीडी आणि शाळेतला चहा

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले आहे. पनवेलला स्टँडसमोर गाद्यांच्या दुकानावर आपला कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी करंजाड्याला राहते, एका मोठ्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते आणि चष्मा शोधताना तुमच्यासारखीच टेबलावर हात फिरवत बसते. तुमच्या किती सवयी माझ्यात उतरल्या ते तुमच्या हयातीत कळलं असतं तर तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला असता, तेव्हा नाही कळलं तेच बरं. एक सवय मात्र उतरली नाही. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी समुद्रकाठच्या करंजा गावातल्या शाळेतला तो दिवस.

तुमची ती कोऱ्या कॉम्प्युटरला चालता करणारी लिनक्सची सीडी! मराठी कळफलक, टायपिंगचे धडे, मुलांच्या फाईलींचा वेगळा कप्पा, सगळं तुम्ही स्वतः बसवलेलं, आणि वर तुमच्या टपोऱ्या अक्षरात ‘तपासलेली’. खंडेनवमीला ती पाटावर ठेवून तुम्ही तिची पूजा करायचात. एका वर्षी मी भक्तिभावाने तिच्या चकचकीत बाजूलाच कुंकू लावलं, तेव्हा तासभर तुम्ही माझ्याशी बोलला नव्हतात. कॉम्प्युटर कुठेही बसवला की तो तीनदा बंद करून तीनदा चालू करायचा, त्याशिवाय पायात चप्पल घालायची नाही, हा तुमचा दंडक. आणि डायबेटिसमुळे चहा कायमचा बंद. कुणी कितीही आग्रह केला तरी तुम्ही गरम पाणी मागायचात, मग यजमान हिरमुसायचे आणि ती बाजू सावरायचं काम तुमची मदतनीस म्हणून माझ्याकडे यायचं.

करंजाच्या मुलींच्या शाळेत दहा कोरे कॉम्प्युटर आले होते. मुख्याध्यापिका बाईंनी वर्षभर खेटे घालून ते मिळवले होते. खोलीत वाळत्या मासळीचा वास, खिडकीत मुलींची डोकी. तुम्ही पहिल्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घालता. काळा पडदा, त्यावर एकच ओळ, डिस्क सापडत नाही. दुसऱ्यात घालता, तिसऱ्यात घालता, तेच. तुमच्या कपाळावर घाम येतो आणि तुम्ही वळून म्हणता, “बाई, माल खराब आलाय. परत पाठवा.” बाईंचा चेहरा उतरतो, कारण परत गेलेला माल शाळेकडे पुन्हा येत नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माल चांगला आहे हे मला ठाऊक आहे. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुकादम, तो ज्याला ओळखतो त्यालाच कामाला लावतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. तुमच्या सीडीतला मुकादम चार वर्षांपूर्वीचा, आणि या नव्या तऱ्हेच्या डिस्क त्याने कधी पाहिलेल्याच नव्हत्या.

“सर, कॉम्प्युटर चांगले आहेत. आपली सीडी जुनी झालीय,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, बाईंना ऐकू जाईल असं. “नवा कर्नल घालून मी दुसरी करून आणलीय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.”

“आता तू मला शिकवणार?” एवढंच बोललात आणि खुर्ची मागे सरकवून मला जागा करून दिलीत. मी एकेक करत दहाही कॉम्प्युटर चालू केले. मुलींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “वाचवलंस गं बाई!” मी अशी फुगले की विचारू नका. पिशवी आवरायला लागले, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, “तीनदा.”

कंटाळत पहिला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि फाईलींचा कप्पा गायब. नव्या कर्नलने डिस्कला वेगळंच नाव दिलं होतं आणि चालू होताना कुठला कप्पा कुठून जोडायचा त्या तुमच्या यादीत जुनं नाव तसंच राहिलं होतं. मघाशी तो कप्पा मी हाताने जोडला होता म्हणून दिसला, एवढंच. बाई मागेच उभ्या होत्या, पडद्याकडे वाकतच होत्या. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “बाई, चहा मिळेल का? तुम्ही स्वतः सांगितलंत तर जरा बरा होईल.” बाई लगबगीने गेल्या. मग तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, “यादीत नाव बदल. दहाही ठिकाणी. घाई नको, चहाला वेळ लागतो.”

शिपाई मावशींनी कप आणले तेव्हा माझे आठ झाले होते. “सर, साकर जरा जास्तीच परलीय, चालंल ना?” मावशी म्हणाल्या. “आमच्याकं बिनसाकरंचा च्या कोनी करीत नाय.” “चालेल की,” तुम्ही म्हणालात आणि तो कप तळापर्यंत, अगदी सावकाश प्यायलात. तो संपला तोवर माझं कामही संपलं होतं. परतीच्या एसटीत मी बोलणी खायच्या तयारीने बसले होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, “तुला माहीत होतं ते मला नव्हतं, मला होतं ते तुला नव्हतं. झालं.” दुसऱ्या दिवशी तुमचा मार्कर माझ्या हातात दिलात आणि सांगितलंत की नव्या सीडीवर आता तू लिही.

सर, ही गोष्ट मी प्रत्येक नोकरीत सांगितली. दहा कॉम्प्युटर परत जाणार होते आणि मी भर शाळेत सरांना कसं सुनावलं ते अगदी रंगवून सांगते. चहा त्यात येत नाही. आधी बरीच वर्षं मला तो कळलाच नव्हता, आणि कळल्यावरही मी तो गाळला. तुम्ही माझी चूक झाकायला बाईंना बाहेर पाठवलंत, आणि मलाही माझं म्हणणं सांगायला तुम्हाला व्हरांड्यात बोलावता आलं असतं. बोलावलं नाही, कारण हे माझं काम आहे हे बाईंना दिसायला हवं होतं. सर, माझं चुकलं.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवे लॅपटॉप आले. माझी तपासलेली लिनक्सची मांडणी त्यांच्यावर चढली, पण वायफाय काही दिसेना. माझ्या हाताखालची मुलगी चार साहेबांसमोर म्हणाली, “मॅडम, आपला कर्नल जुना आहे. मी नवा तयार ठेवलाय.” तिचं बरोबर होतं. मी गुमान जागा करून दिली. मग तीनदा बंद-चालू करताना तिची एक चूक माझ्या नजरेला पडली, आणि त्याच चार साहेबांसमोर मी पडद्यावर बोट ठेवून ती दाखवली. तिचे कान लालबुंद झाले. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सोमवारी मी तिच्याजवळ जाऊन बसणार आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, खणात तुमच्या मार्करशेजारी ठेवीन. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी साहेबांसमोर मला चहा मागायचं सुचलं नाही.

नाही सर, हेही खरं नाही. सुचलं होतं.