दुपारचा दाणा

१४ मे
वजन वाढतच नाही! पांढऱ्या ब्रॉयलरचा आज अठ्ठाविसावा दिवस. पाच-सहा पक्षी काट्यावर ठेवून पाह्यले – चार दिवसांत तीस ग्रॅम! एका दिवसात याच्या दुप्पट वाढाले पाहिजे. दिवसभर चोच उघडी टाकून धापा टाकतात, दाण्याकडे पाहात नाहीत.

शेडातच, जाळीच्या पल्याड सासऱ्यांच्या चाळीस रंगीत गावरानी कोंबड्या. हळू वाढतात, पण वाढतात. मामाजी हसतात – "तुह्ये पांढरे म्हंजे दिवाळसणाचे जावई! उठा म्हनलं तं रुसतात."

१६ मे
पंचेचाळीस डिग्री ऊन! लाईट नाही. जाळीवर टांगलेल्या पोत्यायले पाणी मारून मारून हात सोलले.

१७ मे
पांढरकवड्याहून नवऱ्याचा, ऋतिकचा फोन. तो ट्रकवर असते. "दुपारी दाण्याचे भांडे वर टांग. भर उन्हात खाल्लं तं आतून तापतात, मरतात." अन् शेवटी तेच – "ही पक्ष्यायची खेप साधली तं शेड तुह्या हाती, नाही तं बंद."

माह्या हाती दुसरं आहे काय, बाप्पा?

१९ मे
सकाळी पांढऱ्यायनं काही खाल्लं नाही. दीड वाजता लाईट आली, पंखे फिरले, जरा उठून बसले. मले वाटलं, भूक लागली असंन. राहवलंच नाही! भांडे खाली सोडले, दाणा ताकात कालवून दिला. तुटून पडले! मी आनंदानं रडलीच.

तीन वाजता लाईट गेली. पाणी मारलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. किती जणायले घालू?

२० मे
दोनशे बारा मेले. बसल्या जागी, माना लांब करून.

मामाजीच्या सगळ्या जिवंत. तशाही त्या उन्हाले काटक, अन् त्यायचा दाणा मामाजीनं अकरालेच उचलला होता.

खड्डा मामाजीनंच खणला. माहे भांडे खालीच होते, ताकाचा वास येत होता. मामाजीनं पाह्यलं. खड्ड्यात माती लोटत राह्यले. उद्या ऋतिक येऊन राह्यला. काय सांगू?

२१ मे
ऋतिक ओरडला, "दुपारी दाणा कोनं टाकला?" मी भांड्याकडं पाहात राह्यली. मामाजी म्हणाले, "म्या."

"बाबा, यापुढं शेडात पाय टाकायचा नाही!"

चूक मामाजीची ठरली, म्हणून शेड राहिली माह्याकडंच. मामाजी बाहेर उन्हात उभे राहून आपल्या कोंबड्यायले हाका मारून राह्यले. दाणा मी टाकला, हे ऋतिकले मी अजून सांगितलं नाही.